लागतं तिथे

"काल उमची आई इसली एकडीवर," हेडमास्तर म्हणाले, आणि घासणीच्या यंत्रावरचा त्याचा पाय आपोआप उचलला गेला. यंत्र घरघरत थांबलं. हेडमास्तरांची खालची कवळी त्याच्या हातात होती, वरची पाण्याच्या वाटीत, आणि खुद्द हेडमास्तर गालफडं आत गेलेल्या तोंडाने त्याच्याकडे बघून खुशीत हसत होते. त्याची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, जिवंत आणि मेलेली त्यांच्याकडे एकाच ओसरीवर बसतात, असं मनाशी म्हणत त्याने कवळी फडक्याने पुसली. पण डोळ्यांसमोर क्षणभर आई टेकडीवर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवून, कुणाचीतरी वाट बघत असल्यासारखी. "हो का," तो म्हणाला. वरची कवळी बसवली, खालची बसवली, मध्ये निळा कागद सरकवला आणि नेहमीसारखं म्हणाला, "चावा." हेडमास्तर चावले. "डावीकडे." डावीकडे चावले. कागद निघाला आणि दातांबरोबर हेडमास्तरांची अक्षरंही परत आली. "ताई हो, ताई," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तुमची ताई दिसली. ती नवी वाट करताहेत ना टेकडीवर, अपंगांसाठी, तिथे. एकट्याच होत्या."

आईचं ऐकून जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा ताईचं ऐकून बसला. मेलेली आई टेकडीवर दिसणं एकवेळ शक्य होतं. ताई एकटी दिसणं शक्य नव्हतं.

"दुसरी कुणी असेल," तो म्हणाला.

"अहो, मास्तर होतो मी. नावं विसरतो, चेहरे नाही. तुम्ही त्यांना आणायचात की इथे पूर्वी, तिथे कोपऱ्यात बसलेल्या असायच्या. मी हाक मारली तर त्यांनी हात केला मला. चाकाची खुर्ची चालूच आणि हात वर. म्हटलं, बाई पडेल! आणि काठीला खडू बांधलेला. मध्येच थांबायच्या, वाटेवर एक गोल काढायच्या, पुढे जायच्या. आमच्या शाळेत पोरं काढायची तसे." हेडमास्तरांनी जिभेने खालचा दात चाचपला. "इथे अजून लागतंय हो जरा."

त्याने कवळी परत घेतली. निळा डाग दाढेच्या माथ्यावर उमटला होता. लागतं तिथे कागद डाग ठेवतो, डाग असेल तेवढंच घासायचं, केसभर जास्त नाही. सगळं आयुष्य त्याने हेच केलं होतं. पण आता तो डाग डोळ्यांसमोर गोल गोल मोठा होत गेला, पांढरा झाला, टेकडीवरच्या मुरमावर पसरला. खडूचा गोल. खडूबाई. रविवारी केलेल्या वाटेवर मागाहून खुणा करणारी, त्याने कधी न पाहिलेली खडूबाई म्हणजे ताई होती. त्याने दाढ घासली ती डागाच्या बाहेर घासली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक चांगली कवळी त्याच्या हातून बिघडली. "उद्या या," तो म्हणाला. "हिलाच जरा... उद्या या तुम्ही." हेडमास्तर दातांशिवाय काहीतरी बोलले, त्यातलं त्याला काहीच कळलं नाही.

टेकडीवरच्या वाटेचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. दर रविवारी सकाळी तो जुने कपडे घालून बाहेर पडायचा आणि बायकोला, ताईला सांगायचा की चालायला जातो, पोट सुटलंय. तिथे पंधरावीस माणसं जमायची. कुणी बँकेतलं, कुणी कॉलेजातलं, एक बेकरीवाला आणि त्याचा भाऊ, आणि या सगळ्यांच्या वर मुकादम. म्हणजे कुणी मुकादम-बिकादम नव्हता तो, रस्ते मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पण सगळ्यांना कामाला जुंपायचा म्हणून मुकादम. चाकाच्या खुर्चीला, कुबड्यांना, पांढऱ्या काठीला टेकडीच्या माथ्यापर्यंत नेणारी वाट करायची होती. माती खणायची, मुरूम पसरायचा, धुम्मस उचलून आपटून आपटून तो दाबायचा, पाण्याची नळी धरून चढ तपासायचा, कडेने लाकडी ओंडके बसवायचे. ओंडक्यांचं काम त्याचं. दोन ओंडक्यांचा सांधा तो असा बसवायचा की नखसुद्धा अडकू नये. मुकादम म्हणायचा, "कवळी बसवलीय का रे वाटेला?" आणि सगळे हसायचे. कुणी विचारलं रविवारी काय करता, तर ठरलेलं उत्तर होतं, "वाट लावतो." त्यावरही दर वेळी हसायचे. त्याला ते हसणं आवडायचं. मनात त्याचं ठरलेलं होतं: वाट पुरी झाली की एक दिवस ताईला काही न सांगता इथे आणायचं, पायथ्याशी थांबायचं, आणि म्हणायचं, बघ. नुसतं 'बघ'. मग मागून मुठी धरायच्या आणि तिला वरपर्यंत घेऊन जायचं. माथ्यावरून सगळं शहर दिसतं. ती काय म्हणेल ते त्याने कितीदा मनात बोलून पाहिलं होतं. झोप यायच्या आधी तो तेच बघत पडायचा. त्या चित्रात ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्याच्याही.

आणि या सगळ्यात माशी शिंकायची ती खडूबाईची. रविवारी काम करून गेलेली माणसं पुढच्या रविवारी आली की वाटेवर पांढरे गोल दिसायचे. इथे चाक रुतलं. इथे घसरलं. या वळणाला खुर्ची बाहेर ओढली जाते. शब्द काहीच नाहीत, नुसता गोल, कधी गोलात फुली. फुली म्हणजे उखडा. "मधल्या वारी एक बाई येतात तपासायला," मुकादम सांगायचा, "त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना बसायचंय, आपल्याला नाही." त्यांच्यातल्याच कुणीतरी तिचं नाव खडूबाई ठेवलं. सगळ्यांत जास्त फुल्या पडायच्या त्या त्याच्या वळणावर, झाडाखालच्या, जे त्याने सगळ्यांत जीव लावून केलं होतं. त्याने ते उखडलं, पुन्हा केलं. पुन्हा फुली. तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ही कोण महाराणी लागून गेली? हिला काय पालखीत बसून जायचंय का? माझ्या घरी बहीण आहे खुर्चीवर, मला कळत नाही होय?" मुकादमाने त्याच्याकडे एक चमत्कारिक नजर टाकली होती. तेव्हा वाटलं, रागावला. आता दुकानाच्या स्टुलावर बसल्या बसल्या त्या नजरेचा अर्थ त्याच्या अंगावर हळूहळू उतरला, आणि कानांच्या पाळ्या तापल्या. त्यालाही माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं.

त्याने बायकोला फोन लावला. का लावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. खूप वेळ वाजला. मग तिने उचलला.

"कुठे आहेस?"

"घरी. कुठे असणार?"

"ताई?"

"झोपल्यात," बायको म्हणाली.

तिच्या मागे वारा होता. खिडकीतून येतो तसला नाही, मोकळा, फोनच्या तोंडावर फुरफुरणारा. आणि त्या वाऱ्यातून, जरा लांबून, ताई हसली. हसणं ओळखायला त्याला एक क्षण लागला, कारण ते घरातलं नव्हतं. घरात ताई हसायची ती तोंडावर हात ठेवून, पुरता आवाज न करता, शेजारी कुणी आजारी असल्यासारखी. हे हसणं पोटातून सुटलं होतं.

"काय झालं? बरे आहात ना?" बायकोने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बायको त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. किंवा इतकं सहज बोलत आली होती की त्याला कळलंच नव्हतं. 'झोपल्यात.' काय सुरेख बोलली. तो उठला, अंगावरचा प्लॅस्टरने माखलेला एप्रन तसाच ठेवून दुकानाला कुलूप घातलं, आणि किल्ली कुलपातच विसरून टेकडीच्या रस्त्याला लागला.

रस्ता रोजचाच होता. चपलांचं दुकान, औषधांचं दुकान, फुटपाथवर वाळत घातलेले गालिचे. उन्हं उतरायला अजून अवकाश होता. पण सगळं काचेच्या पलीकडे असल्यासारखं चाललं होतं आणि त्याला आपल्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. या रस्त्यांनी तो ताईबरोबर इतका हिंडला होता की रिकाम्या हातांनी इथून जाणं म्हणजे अर्धं अंग घरी विसरून आल्यासारखं. ताई कॉलेजात होती तेव्हा तिला ताप आला, आणि ताप गेला तेव्हा कमरेखालचं सगळं घेऊन गेला. तो शाळेत होता. खुर्ची घरात आली त्या दिवशी तिच्या मागच्या मुठी बरोबर त्याच्या हनुवटीला लागायच्या. मग छातीला लागायला लागल्या. मग पोटाला. त्याच्या वयाच्या पोरांची उंची दाराच्या चौकटीवर रेघा मारून मोजत, त्याची खुर्चीने मोजली. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लाजला, नंतर त्याची सवय झाली, नंतर ते न म्हणणाऱ्या माणसाकडे तो जरा थांबून बघायचा. जाताना आई म्हणाली होती, "ताईला सोडू नकोस." त्याने सोडलं नाही. बायको बघायला गेला तेव्हा पहिलं वाक्य तेच, "आमच्याकडे ताई आहे." मावशीकडे वाढलेली ती मुलगी म्हणाली होती, "माझ्याकडे कुणीच नाही, बरं झालं." त्यालाही बरं वाटलं होतं. त्याने तेव्हाच मनात मांडून ठेवलं: सकाळी तो आणि रात्री तो, मधला वेळ बायको ताईजवळ बसेल, ताई खिडकीजवळ बसेल. दोघी त्याची वाट बघतील. असं बोलला नव्हता कधी, पण रोज संध्याकाळी दाराची घंटा वाजवताना ते चित्र आत तयार असायचं, आणि दार उघडलं की तसंच दिसायचं. खिडकीजवळ ताई, मांडीवर शाल, "आलास चिमण्या?" दिवसभराच्या उन्हाने तिचे गाल तांबूस झालेले. उन्हाने! खिडकीतून एवढं ऊन येतच नाही, खिडकी उत्तरेला आहे. हे आठवलं आणि तो भर रस्त्यात उभा राहिला. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. "अहो, बघून!" ती म्हणाली. "हो, हो," तो म्हणाला, "बघायलाच हवं होतं."

टेकडीच्या पायथ्याशी बसथांबा होता. वाट तिथूनच सुरू होत होती, झाडांत शिरत होती. रविवारची गजबज नव्हती; टोपल्या, फावडी, धुम्मस सगळं पत्र्याच्या खोलीत बंद. पहिल्या बाकावर त्याची बायको बसली होती. चपला काढून पाय वर घेतलेले, मांडीवर लोकर, सुया चाललेल्या. ताईकडे तिचं लक्षच नव्हतं. ती दुसरीकडेच बघत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ताईची काळजी नावालाही नव्हती. त्याच्या मनात एकदम उसळलं, ही बघत का नाही? बघायला नको? तिला दिसू नये म्हणून तो वाटेवरून न जाता कडेच्या गवतातून, झाडांआडून वर चढला. धापा टाकत आपल्या वळणापाशी आला. बुंध्याला हात टेकून उभा राहिला तेव्हा वरून ताई येत होती.

पहिल्यांदा त्याने तिला ओळखलंच नाही. खुर्ची ओळखीची, पायांवरची शाल ओळखीची. चेहरा नव्हता. आणि मग त्याला कळलं की चालत्या खुर्चीतली ताई त्याने कधी समोरून पाहिलेलीच नाही. इतकी वर्षं तो मागे होता. तिचा भांग त्याला पाठ होता, भांगातला पहिला पांढरा केस त्यालाच दिसला होता, मानेवरचा तीळ, पदराची पिन. खुर्ची चालायची तेव्हा तिच्या तोंडावर काय असतं ते रस्त्यातल्या परक्या माणसांनी पाहिलं होतं, त्याने नाही. ती उताराला लागली. चाकांवरचे हात तिने सैल सोडले, मग उचलले. खुर्चीने वेग घेतला. तिचं तोंड उघडं होतं, केस मागे उडत होते, ती एखाद्या धटिंगण पोरीसारखी दिसत होती, त्याला ठाऊक नसलेल्या, ताप यायच्या आधीच्या कुठल्यातरी पोरीसारखी. वळण जवळ येत होतं. तिने एक हात अलगद एका चाकाला लावला, खुर्ची झुकली, वळायला लागली.

"ताई!" तो ओरडला.

ती दचकली. हात चाकावर दाबला गेला, खुर्ची गर्रकन फिरली, मुरूम उडाला, आणि पुढचं चाक कडेच्या ओंडक्यावर आपटून थांबलं. ओंडका नसता तर ती खाली गेली असती. तो धावला. तिच्यापर्यंत जाईपर्यंत त्याच्या तोंडून "सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना" असं काहीतरी निघत होतं, आणि काय सांगितलं होतं ते त्यालाच माहीत नव्हतं. ताईने दोन्ही डोळे मिटून घेतले होते. उजवा तळवा सालपटून निघाला होता, त्यातून रक्त येत होतं.

"ओरडलास कशाला?" ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच.

"पडली असतीस!"

"पडत नव्हते. रोज उतरते इथून." तिने डोळे उघडले. "तू ओरडलास म्हणून पडले असते."

खालून बायको धावत आली. अनवाणी, हातात लोकरीचा गुंडा तसाच. त्याला बघून ती थांबली, पण घाबरली नाही, नुसती थकल्यासारखी झाली. मग तिने ताईचा हात हातात घेतला, खुर्चीला अडकवलेली पाण्याची बाटली उघडली, जखमेवर पाणी ओतलं. रुमाल काढून बांधायला लागली. ताईने न सांगताच तळवा फिरवून धरला. दोघींना याची सवय होती हे त्याला दिसलं. हे त्यांचं दुपारचं आयुष्य होतं, आणि तो त्यात एप्रन घालून, वाट चुकल्यासारखा येऊन उभा होता.

"झोपल्यात म्हणालीस," तो बायकोला म्हणाला.

"मीच सांगितलं होतं तसं सांगायला," ताई म्हणाली. "तिला बोलू नकोस."

"कशी आलात?"

"बसने."

"बसने?" तो असा म्हणाला की जणू ती विमान चालवत आली होती. "बसमध्ये कशी चढलीस?"

"फळी असते बसला. पाडतात. चढते."

"आणि हे खडूने... खडूबाई म्हणजे तू?"

ताईच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "खडूबाई म्हणता होय रविवारी? मुकादम बोलले नाहीत मला."

"मी इथे येतो हे तुला ठाऊक होतं?"

"ओंडके बघून कळलं. असे सांधे जगात आणखी कोण बसवणार? मग मुकादमांना विचारलं. म्हटलं, माझं नाव नका सांगू त्याला."

"आणि माझं वळण उखडायला लावलंस! तू! मी इथे उन्हात मरत होतो, तुझ्यासाठी, तुला आणायचं म्हणून..."

"लागत होतं," ताई म्हणाली.

"मग घरी सांगायचं!"

"घरी काय सांगू? मला कसं माहीत वळण कसं आहे, म्हणून विचारलं असतंस. गेले होते म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आला असतास माझ्याबरोबर. मागे. मुठी धरून." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला एकदा बघायचं होतं, मागे कुणी नसताना मी कुठे जाते. वाट बरोबर झाली असती तर सगळ्यांनाच जाता आलं असतं तसं. म्हणून गोल काढत होते. तुझ्यावर राग नव्हता माझा. लागत होतं तिथे खूण केली."

त्याला काहीतरी बोलायचं होतं, मोठं, इतक्या वर्षांचं, पण तोंडून निघालं ते रोजचं वाक्य. दुकानातून आल्यावर, निजायच्या आधी, सकाळी निघताना तो जे विचारायचा ते. "तुला घरी काही लागतं का?" आणि या वेळी ते विचारताना त्याच्या कानांना ते वेगळंच ऐकू आलं. पाणी लागतं का, उशी लागते का, असं तो विचारायचा. ती नाही म्हणायची. आज ताईने ते दुसऱ्या अर्थाने घेतलं. किंवा त्यानेच दुसऱ्या अर्थाने विचारलं असेल.

तिने रुमालाची गाठ बोटाने चाचपली. बायको म्हणाली, "ताई, असू दे." ताई म्हणाली, "विचारतोय ना तो."

"तू मला थांबवतोस ना," ती म्हणाली. "बाजारात, औषधाच्या दुकानाशी, कुठेही. तू आत जातोस आणि मला बाहेर थांबवतोस. तेव्हा खुर्ची कशी लावतोस, ठाऊक आहे?"

"कडेला लावतो. ब्रेक लावून."

"कडेला, आणि भिंतीकडे तोंड करून."

"रस्त्यावर गाड्या असतात," तो म्हणाला. "उतार असतो. खुर्ची सुटली तर भिंतीला टेकेल म्हणून..."

"हो. म्हणूनच. मला माहीत आहे म्हणूनच." ताई म्हणाली. "पण मी भिंत बघत बसते, चिमण्या. तू येईपर्यंत. शाळेतल्या वात्रट पोराला कोपऱ्यात उभं करतात ना, तशी. मागे सगळा रस्ता चाललेला असतो, माणसं बोलत असतात, कुणी हसतं, ब्रेक मागे असतो, मला वळता येत नाही. औषधाच्या दुकानाच्या भिंतीला एक चीर आहे, खाली दोन फाटे फुटलेत तिला. ती कुठे कुठे जाते ते मी डोळे मिटून काढून दाखवीन."

त्याने ती चीर कधी पाहिली नव्हती. त्याला ते दुकान दिसलं, आतून, काचेच्या कपाटांमधून. तो पैसे देतोय, दुकानदाराशी गप्पा मारतोय, दुकानदार म्हणतोय भाऊ असावा तर असा, आणि बाहेर, उन्हात, त्याने स्वतःच्या हातांनी नीट, काळजीने, ब्रेक तपासून लावलेल्या खुर्चीत ताई भिंतीला तोंड करून बसलीय. किती वेळा? तो मोजायला लागला. सगळी शहरभराची दुकानं. दवाखाने. लग्नाच्या हॉलबाहेरच्या भिंती. त्याच्या दुकानातला तो कोपरा, जिथे हेडमास्तरांनी तिला पाहिली होती, तिथेही तिच्या समोर काय होतं? नुसता रंग उडालेला गिलावा. एकदाही, एवढ्या वर्षांत एकदाही, त्याच्या मनात आलं नव्हतं. वाईट वागला असता तर समजलं असतं त्याला. तो चांगला वागला होता. चांगलं वागता वागता हे झालं होतं.

"का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "एक शब्द. फिरवून लाव म्हणायचं, एवढंच."

"पहिल्यांदा सांगणार होते," ताई म्हणाली. "तू लहान होतास. दमला होतास. म्हटलं, उद्या सांगू. मग त्या उद्याचं असं झालं." तिने खांदे उडवले. "आणि नंतर तुला एवढं बरं वाटत असायचं."

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलली, त्यात टोचणी नव्हती, आणि तेच त्याला सोसेना. तो तिच्या मागे गेला. विचार न करताच गेला. काही सुचेनासं झालं की त्याचे पाय तिकडेच जायचे. त्याने मुठी धरल्या. रबर त्याच्या तळव्यांच्या आकाराचं झिजलेलं होतं, हात आपोआप बसले. समोर तिचा भांग आला, मानेवरचा तीळ आला, आणि तिचा चेहरा गेला.

"नको," ताई म्हणाली.

"हाताला लागलंय तुझ्या. चढ आहे. वर जायचंय ना तुला?"

"जायचंय. पण तू नको. आज नको." मग तिने मान वळवून बायकोला म्हटलं, "ढकलतेस का गं वरपर्यंत? डाव्या हाताने मी लावते जोर."

"ढकलते की," बायको म्हणाली. तिने लोकर त्याच्या हातात दिली. दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून त्याने ती धरली. मुठींवरचे हात त्याला काढावे लागले होते. ते काढताना आपण काहीतरी भलतंच, न करायचं करतोय, असं त्याला वाटलं. खुर्ची काही गडगडत खाली गेली नाही. बायकोने ती धरली, जरा मागे घेतली, वळवली. ती तिला वेगळ्या तऱ्हेने धरत होती, एका बाजूने, जवळजवळ शेजारून, आणि चालता चालता दोघी बोलायला लागल्या. "अनवाणीच आलीस?" "चपला खाली राहिल्या." "खडे टोचतील." "टोचू देत." वळणाशी ताईने काठी पुढे केली आणि खुर्ची जिथून फिरली होती त्या जागी, न थांबता, एक लहानसा गोल काढला. मग त्या झाडांमागे गेल्या. बोलणं ऐकू येत राहिलं, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

तो तिथेच होता. बाक जवळच होता, पण बाकापर्यंत जायचं म्हणजे कुठे पाय टाकायचा हे ठरवावं लागलं असतं, आणि तेवढंही त्याला ठरवता येईना. तो मधोमध, वाटेवरच खाली बसला. मुरूम उन्हाने तापलेला होता. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वाट त्याने कधी पाहिली नव्हती. ती लांबच लांब दिसत होती आणि झाडं फार उंच झाली होती. ताईला जग एवढ्याच उंचीवरून दिसतं, हे त्याच्या मनात आलं. पुढे काही आलं नाही. कुठेतरी पक्षी ओरडत होता. आता संध्याकाळी घरी जायचं. दाराची घंटा वाजवायची. मग? दार उघडल्यावर कुठे बघायचं माणसाने? त्याने लोकरीचा गुंडा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला, तो मऊ होता आणि दाबला की परत फुगत होता.

वरून टक टक असा आवाज आला. सारखा, हलका, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, ओंडक्यावर वाजत. तो ऐकत होता पण त्याचा आणि आपला काही संबंध आहे असं त्याला वाटलं नाही. मग कसलं तरी टोक त्याच्या गुडघ्याला लागलं, थांबलं, पुन्हा हळूच लागलं. त्याने वर पाहिलं. पांढरी काठी घेतलेली एक म्हातारी बाई समोर उभी होती. तिचे डोळे त्याच्या डोक्यावरून कुठेतरी लांब लागलेले होते.

"आता वाटेत हे काय आणून ठेवलंय कुणी?" ती स्वतःशीच म्हणाली.

"मी आहे," तो म्हणाला.

"मी कोण?"

ताईचा भाऊ, असं त्याच्या ओठांवर आलं. सगळीकडे तेच सांगायचा तो. शब्द तोंडात तयार होता, दातांना लागला होता, आणि तिथेच राहिला. बाई वाट बघत होती, काठी उचलून धरून.

"उठतो," तो म्हणाला. आणि हाताने जमीन चाचपत उठला, ओंडका ओलांडला, आणि तिला जाऊ देण्यासाठी वाटेबाहेर, गवतात जाऊन उभा राहिला.